चंद्रहासकाकांचं प्रतिज्ञापत्र

वसईजवळच्या निर्मळ गावात कुणाचं काही हरवलं, फुटलं, उशिरा आलं किंवा आलंच नाही, की माणसं आधी चंद्रहासकाकांकडे जात आणि मग देवळात. मुंबईला फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत काकांनी एकतीस वर्षं क्लेमचं टेबल सांभाळलं होतं. बोटीतून उतरलेल्या पेट्या भिजल्या, विमानातून आलेलं यंत्र मोडकं निघालं, तर कंपनीकडून भरपाई कशी काढायची हे त्या टेबलावर ठरायचं. निवृत्त होताना कचेरीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि काकांनी स्वतः मागून घेतला तो जुना इंग्रजी टाइपरायटर. तो पुढच्या ओटीवर खिडकीपाशी ठेवलेला असे. पोस्टात गहाळ झालेली मनीऑर्डर, अडकलेला विमा, टेम्पो उलटून नासलेली केळी, सगळ्यांची पत्रं तिथे टाइप होत. फी म्हणाल तर कधी चार पडवळं, कधी मोगऱ्याचा पुडा.

‘क्लेम म्हणजे रडगाणं नव्हे,’ काका सांगत. ‘तारीख, वेळ आणि पुरावा. एवढं असलं की कंपनीला घाम फुटतो.’ असं म्हणताना त्यांची मान जरा ताठ होई. माणूस लबाड नव्हता. उलट आपल्या सरळपणाचा त्याला जरा जास्तच अभिमान होता, आणि तोच त्याला नडला.

शेजारी लोपीसांची वाडी. दोन्ही वाड्यांच्या मध्ये एक पाट आणि जास्वंदीचं कुंपण, बस्स. तिथे सुझानबाय आणि तिची मुलगी लुसी राहत. लुसी गावातल्या शाळेत शिकवायची. घरात मायलेकींची बोली वेगळी, पण काकांशी लुसी शाळेतली मराठी बोलायची. मुलगा ज्युलियस सात वर्षांपूर्वी कॅनडात टोरांटोला गेला आणि तिथल्या कारखान्यात लागला. सुझानबाय काकांहून अकरा वर्षांनी मोठी. ‘या क्लेमवाल्याला मी कडेवर खेळवलाय,’ असं ती चारचौघांत सांगे आणि काका लाजत.

लोपीसांकडे फोन नव्हता. अर्ज करून चार वर्षं झाली होती. तोवर ज्युलियसचे फोन काकांकडे येत. फोन आला की काका कुंपणापाशी जाऊन हाक मारायचे, ‘लुसी, टोरांटो!’ की मायलेकी हातातलं टाकून धावत. निरोप पोचवण्यात काकांनी कधी कसूर केली नव्हती. एकदा तापात फणफणलेले असतानाही गोधडी गुंडाळून ते कुंपणापर्यंत गेले होते.

१९९९ सालच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी सुझानबाय गेली. लुसीने काकांच्याच फोनवरून भावाला कळवलं. ज्युलियस म्हणाला, मी निघतो, रविवारी पहाटे मुंबईत सहार विमानतळावर उतरतो, आईला ठेवा. मग मयत हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं आणि फादरांना विचारून रविवारी संध्याकाळी चारची वेळ ठरवली.

आणि त्याच रविवारी काकांच्या मुलीचा, सुरुचीचा साखरपुडा होता. महिन्यापूर्वी ठरलेला. काकांनी शुक्रवारी लुसीला जाऊन विचारलं. डोळे पुसत ती म्हणाली, ‘करून घ्या काका. सुरुचीचं मोडलेलं आईला आवडलं नसतं.’ खरी पंचाईत पुढेच होती. नवऱ्या मुलाचे मामा तुळशीदास हे शकुनापायी अडून बसणारे गृहस्थ. वाटेत मांजर आडवं गेलं म्हणून एकदा ठरलेली मुलगी बघायचीच राहून गेली, असा त्यांचा लौकिक. काकांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी, घरात बजावून ठेवलं, ‘शेजारी मयत आहे हे पाहुण्यांच्या कानावर जाता कामा नये. आणि आपल्यातलं कुणी तिकडे जाऊन सुतकी पायाने परत यायचं नाही. निघायचं ते पाहुणे गेल्यावर, आणि आल्यावर आंघोळ.’ लोपीसांकडची खिडकी लावून घेतली. पाहुण्यांना मागच्या गल्लीने आणायचं ठरलं. काकांना यात गैर वाटलं नाही, कारण तिथे कुणालाच ते वाटलं नसतं.

रविवारी पहाटे लुसीचा मावसभाऊ विमानतळावर गेला. विमान वेळेवर आलं, ज्युलियस त्यात नव्हता. खिडकीवरच्या बाईने सांगितलं की या नावाचा प्रवासी यादीतच नाही. अकरा वाजता सुझानबायला घरी आणलं, तोवर गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. वाडी बिल्डरला विकायची म्हणून तो गेल्या वर्षी आईशी आणि बहिणीशी भांडून गेला होता ना, मग आता कशाला येतोय? लुसी मात्र रस्त्याकडे डोळे लावून बसली होती.

बारा वाजून सतरा मिनिटांनी काकांचा फोन वाजला. काकांच्या अंगात रेशमी सदरा, खांद्यावर उपरणं. आत पाहुणे नुकतेच बसले होते, तबकं मांडली जात होती. पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलत होती, विमान कंपनीकडून. तुमचा प्रवासी लोपीस. टोरांटोहून निघालेलं विमान वाटेत बिघाड होऊन आयर्लंडमधल्या एका लहान विमानतळावर उतरवलं आहे, पुढचं मुंबईचं विमान त्याला मिळालेलं नाही. तो सोमवारी पहाटे पोचेल. त्याचा निरोप असा: कृपा करून दफन थांबवा, मी येतोय.

काकांना अक्षर न् अक्षर कळलं. एकतीस वर्षं असल्याच इंग्रजीत गेली होती. त्यांनी नावाची अक्षरं फिरून विचारून खात्री करून घेतली, ‘मी पोचवतो,’ असं म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. मागे वळले तर तुळशीदासमामा दारात उभे. ‘कुणाचा फोन?’

‘कचेरीतला,’ काका म्हणाले. सकाळपासून पाहुण्यांसमोर मयत हा शब्द तोंडाबाहेर काढायचा नाही एवढंच डोक्यात होतं, त्याच भरात ते बोलून गेले.

मनात हिशेब केला. दफन चारला. जेवणं दोनपर्यंत उरकतील, अडीचला पाहुणे निघतील, आपण पाचव्या मिनिटाला कुंपणापाशी. वेळच वेळ आहे. आत्ता गेलो तर मयतीच्या घरात पाय टाकून पोरीच्या साखरपुड्यात परत यायचं कसं? कुणाला पाठवावं तर तो काय निरोप घेऊन गेला, हे मामांनी विचारलंच असतं. इथे त्यांचं चुकलं. त्यांनी फक्त कुंपणापर्यंत जायचं होतं, तापात गेले होते तसं.

पाहुणे अडीचला निघाले नाहीत. जेवणंच तीनला बसली. मग मामांनी लग्नाच्या तारखेचा घोळ घातला, पंचांग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काका जिलबी वाढत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेतीन. चारला दहा कमी. चर्चची घंटा वाजली. ‘कसली घंटा?’ मामांनी विचारलं. ‘रविवारची,’ सुहासिनीबाई म्हणाल्या.

शेवटची गाडी वळली तेव्हा पावणेपाच झाले होते. काका रेशमी सदऱ्यातच सुटले. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपून माणसं मागच्या दफनभूमीत गेली होती. काका गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि थबकले.

पेटी उघडी होती. खड्ड्याच्या कडेला दोन बाकांवर ठेवलेली, झाकण बाजूला टेकवलेलं. माणसं शेवटचं दर्शन घेत होती. लुसीने फादरांच्या हातापाया पडून थोडा वेळ मागून घेतला होता, भाऊ येईल म्हणून. तिने काकांना पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, ‘काका, ज्युलियसचा काही फोन?’

तिथे दोनशे माणसं तरी होती. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. हो म्हणायचं म्हणजे चार तासांपूर्वी आला हे सांगायचं, आणि चार तास तो निरोप कुठे अडला होता हेही. एक क्षण असा होता की शब्द अगदी ओठांवर होते. मग त्यांनी मान हलवली. नाही.

लुसीने फादरांकडे बघून हळूच खूण केली. झाकण बसलं. काकांनी सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली, घरी आले, आंघोळ केली, आणि रात्रीचं जेवण नको म्हणाले.

सोमवारी पहाटे ज्युलियस टॅक्सीतून उतरला. बॅगा ओट्यावर टाकून सरळ दफनभूमीकडे गेला. काका तेव्हा केळीला पाणी सोडत होते. पाणी आळ्यातून वाहून रस्त्यावर आलं तरी त्यांना कळलं नाही.

तीन दिवसांनी ज्युलियस कागद घेऊन ओटीवर आला. तिकीट, बोर्डिंग पास, विमान उशिरा गेल्याचा कंपनीचा दाखला. डोळे सुजलेले. ‘काका, आम्हाला एका हॉलमध्ये डांबून ठेवलं चोवीस तास. व्हिसा नाही म्हणून बाहेर सोडेनात. दोन फोन, त्यांना तिथलीच नाणी लागायची, आणि पैसे बदलायची खिडकी बंद. मग त्यांच्या माणसाने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. नंबर द्या, निरोप लिहा, आम्ही कळवतो. मी तुमचा नंबर लिहिला. त्यांनी कळवलंच नाही. एक फोन केला असता तर माझी आई मला दिसली असती.’

सांगायची वेळ ती होती. काकांना ते तेव्हाही कळत होतं. पण समोर बसलेल्या त्या चाळीस वर्षांच्या माणसाचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते, आणि काकांनी टाइपरायटरमध्ये कागद सरकवला. ‘सोडायचं नाही यांना,’ ते म्हणाले. आवाज इतका चढला की आतून सुहासिनीबाई बघायला आल्या.

त्या दिवसापासून काका त्या क्लेमच्या मागे हात धुऊन लागले. इतकी मेहनत त्यांनी कचेरीतही कधी घेतली नव्हती. आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हे त्यांना पाठ होतं. कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीला त्यांनी तीन पत्रं लिहिली. चौथ्या महिन्यात उत्तर आलं: झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन. ‘कूपन!’ काका ओरडले. ‘आईच्या बदल्यात कूपन!’ आणि त्यांचा राग खरा होता. चोवीस तास माणसं कोंडून ठेवणं हा कंपनीचा गुन्हा होताच. पण आपल्या वाटणीचं खापरही आपण त्यांच्याच डोक्यावर फोडतोय, हे ओरडून झाल्यावर त्यांना जाणवे, आणि ते जास्तच जोरात टाइप करू लागत. क्लेम मिळाला की आपली फेड होईल, अशी काहीतरी वेडी आशा त्यांच्या मनात होती.

ठाण्याच्या ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली. ज्युलियसतर्फे लुसीला अधिकारपत्र होतं. तक्रारीत दोन कलमं: एक उशिराचं आणि हालांचं. दुसरं, निरोप पोचवण्याची हमी देऊन तो न पोचवल्यामुळे मुलाला आईचं अंत्यदर्शन झालं नाही याचं. मोठी रक्कम दुसऱ्या कलमावर मागितली होती. ते कलम टाइप करताना काकांच्या हातून चार वेळा चुका झाल्या.

वर्षभराने कंपनीचं म्हणणं आलं, सोबत फोनच्या नोंदीची प्रत. भारतीय वेळ दुपारी बारा सतरा. नंबर काकांचा. फोन एका पुरुषाने घेतला, निरोप पोचवतो असं स्पष्ट सांगितलं.

त्या कागदाची एक प्रत लुसीने टोरांटोला पाठवली. आणि मग जे झालं ते काकांनी कधी मनातही आणलं नव्हतं. ज्युलियसने काकांवर संशय घेतलाच नाही. चंद्रहासकाका आणि निरोप विसरणार? त्याने बहिणीला पत्र लिहिलं. ‘म्हणजे फोन आला होता आणि काकांनी तुला सांगितलं होतं. वाडीवरून भांडण झालं म्हणून तू मला आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस. आता काका तुला वाचवायला गप्प आहेत.’

लुसी ते पत्र घेऊन आली. ती रडत नव्हती, त्याचाच काकांना जास्त धाक वाटला. ‘काका, कंपनी खोटं बोलते,’ ती म्हणाली. ‘मी तुम्हाला सिमेट्रीत विचारलं होतं ना? तुम्ही नाही म्हणालात. सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तेवढं प्रतिज्ञापत्र करा, फोन आला नव्हता म्हणून. क्लेमचं राहू दे, पण ज्युलियसला ते पाठवता येईल. तो माझ्यावर विश्वास नाही ठेवणार, पण तुमच्यावर ठेवेल.’

काका म्हणाले, ‘करतो.’

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा सुहासिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सही करून टाका. पोरीवरचा आळ जाईल, ज्युलियसला पैसे मिळतील. कंपनीचं काय जातंय? खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे?’ वर हेही म्हणाल्या, ‘आणि सुरुचीच्या सासरी कळलं, तर त्या दिवशी शेजारी मयत होतं हेही कळेल.’ एकही मुद्दा काकांना खोडता येईना. क्लेम म्हणून पाहिलं तर बाजू भक्कम होती.

त्यांनी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. ‘सदर दिवशी माझ्या दूरध्वनीवर असा कोणताही निरोप आला नाही.’ सुबक, समास सोडून. दुसऱ्या दिवशी काका आणि लुसी वसई गावातल्या कोर्टाबाहेर नोटरीकडे गेली. नोटरी म्हणाला, ‘नीट वाचून सही करा, शपथेवर आहे.’ लुसी म्हणाली, ‘त्यांना वाचायला कशाला पाहिजे? ते जे लिहितात ते खरंच असतं.’

काकांनी पेन उचललं. मग खिसे चाचपले आणि म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या नाकावर होता. नोटरीने लुसीकडे पाहिलं. ‘हा लांबचा,’ काका पुटपुटले आणि बाहेर पडले.

तीन दिवस काका ओटीवर फिरकले नाहीत. लहानपणी आपल्याला कडेवर घेऊन फिरणारी सुझानबाय, आणि तिच्या लेकीवर आपण भावाला तोडल्याचा आळ येऊ दिला, एवढंच डोक्यात घुमत होतं. आपण किती हलके आहोत, हे त्यांना त्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी ते टाइपरायटरपाशी बसले आणि दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. फोन आला होता. मीच घेतला. घरात मुलीचा साखरपुडा होता, त्या धांदलीत निरोप द्यायला मी विसरलो. लुसी लोपीस हिला याची काहीही कल्पना नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

लिहून झाल्यावर त्यांना किंचित हलकं वाटलं. कुंपणापाशी जाऊन त्यांनी लुसीला हाक मारली आणि कागद जास्वंदीवरून तिच्या हातात दिला.

लुसीने उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती चिडेल, शिव्या देईल, रडेल, याची त्यांनी तयारी केली होती.

‘विसरलात?’ ती म्हणाली.

‘हो. घाई होती...’

‘मग मी विचारलं तेव्हा?’

पाटातलं पाणी वाहत होतं. काकांनी कुंपणाची एक फांदी धरली. एकतीस वर्षांत समोरच्याच्या कागदातली नेमकी फट त्यांनी किती वेळा शोधून काढली असेल, आणि आज त्यांच्या स्वतःच्या कागदातली फट एका शाळामास्तरणीने एका वाक्यात शोधली होती.

‘तेव्हा आठवत होतं,’ ते म्हणाले.

लुसीने कागद खाली केला.

‘विसरलो नव्हतोच, लुसी. एक मिनिटसुद्धा नाही. पाहुण्यांसमोर मयतीचं नाव नको म्हणून थांबलो. मग तिथे पोचलो, पेटी उघडी होती, तू विचारलंस, आणि मला लाज वाटली. नुसती लाज. बाकी काही नाही.’

‘मी थांबले असते, काका,’ ती म्हणाली. ‘निरोप आला असता तर फादर परत शवागारात ठेवायला तयार होते. मी फक्त तुमची वाट बघत होते.’

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, ‘हे ज्युलियसला मी नाही सांगणार. कागदावरही नाही पाठवणार. तुम्ही सांगा. तोंडाने. आत्ता.’

संध्याकाळचे साडेसात झाले होते. टोरांटोला सकाळ असणार. काकांच्या फोनवरून परदेशी फोन लागत होता, पण घरात, सुहासिनीबाईंसमोर, त्यांना ते जमलं नसतं. दोघं नाक्यावरच्या टेलिफोन बूथपर्यंत चालत गेली. काका पुढे, लुसी चार पावलं मागे. वाटेत भेटलेल्या दोघांनी काकांना नमस्कार केला, एकाने विम्याच्या कागदाचं विचारलं. ‘उद्या,’ काका म्हणाले.

काचेच्या केबिनमध्ये लुसी त्यांच्या शेजारी उभी राहिली. काकांनी नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली.

‘हॅलो?’

‘ज्युलियस, मी चंद्रहासकाका.’

‘काका! बोला. काय झालं? मंचाचा निकाल लागला?’ त्या आवाजात अजून तोच विश्वास होता, आणि तो ऐकून काकांना रिसीव्हर ठेवून द्यावासा वाटला. लुसी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी सगळं सांगितलं. वेळ सांगितली, बारा सतरा. साखरपुडा सांगितला. चर्चची घंटा वाजली तेव्हा आपण जिलबी वाढत होतो हेही सांगितलं. लुसीने विचारलं, मी मान हलवली, तिला काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘आता मी खरं प्रतिज्ञापत्र देणार आहे. उशिराचं कलम टिकेल, पण दुसरं जाईल. तुझा क्लेम मी बुडवला, ज्युलियस.’



‘क्लेमचं सोडा,’ ज्युलियस म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. ‘काका, तुम्ही पोचलात तेव्हा पेटी उघडी होती?’

‘उघडी होती.’

‘तुम्ही पाहिलंत तिला?’

‘पाहिलं.’

‘कशी दिसत होती?’

काकांनी डोळे मिटले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

‘लाल लुगडं नेसवलं होतं,’ ते म्हणाले. ‘नवं असावं, घड्या मोडल्या नव्हत्या. केस नीट विंचरलेले, मधोमध भांग. हातात जपमाळ. डाव्या गालाला कापूस लागला होता थोडा, तो लुसीने काढला. तोंड जरा उघडं होतं, ज्युलियस. हाक मारायला उघडतं ना, तेवढं.’

पलीकडून रडण्याचा आवाज येऊ लागला.

‘अजून सांगा,’ ज्युलियस म्हणाला. काका सांगत राहिले.